समुपदेशकाची कमाई : नोकरी, व्यवसाय आणि जोडउत्पन्न



अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'काउन्सेलिंग' हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. प्रवेशाच्या दिवसांत तो जागावाटपाच्या फेऱ्यांसाठी असतो. 'दुसऱ्या काउन्सेलिंगमध्ये मेकॅनिकल मिळाले' असे मुले सांगतात. शहरातल्या फलकांवर तो प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांसाठी असतो. तिसरा अर्थ मूळचा आहे : अडचणीत असलेल्या माणसाचे शिस्तीने ऐकून घेणे आणि त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईल इथपर्यंत त्याची सोबत करणे. मराठीत याला आपण समुपदेशन म्हणतो.

हे तिन्ही अर्थ मला एकाच विद्यार्थ्याच्या निमित्ताने भेटले. मी नवा रायपुरमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि वीस मुलांचा मेंटॉर आहे. त्यांतला तिसऱ्या सत्राचा एक मुलगा वर्गात येईनासा झाला. मी त्याला बोलावून पाऊण तास समजावले : वेळापत्रक, राहिलेले विषय, आईवडिलांचे कष्ट. त्याने मान हलवली आणि पुढच्या आठवड्यातही तो आला नाही. मग मी त्याला आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या आमच्या समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्यांच्यात काय बोलणे झाले ते बाईंनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. महिन्याभराने मुलगा स्वतःच बोलला. फेरीत ही शाखा त्याने पहिल्या पसंतीवर टाकली होती, पण ती त्याला नकोच होती. गावी आलेल्या एका 'करिअर काउन्सेलर'ने ती भरायला लावली होती. त्या माणसाला प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते, हे घरच्यांना फार उशिरा कळले. शाखा बदलण्याची मुदत तेव्हा उलटून गेली होती. मुलाने तीच शाखा पुढे चालू ठेवली; आता तो वर्गात येतो.

आमच्या बाईंना कामाचे पैसे मिळत होते आणि त्या मध्यस्थालाही मिळत होते. पण मुलाने काहीही ठरवले असते तरी बाईंचे मानधन तेवढेच राहिले असते. मध्यस्थाचे पैसे मात्र मुलाच्या निर्णयावर अवलंबून होते. समुपदेशनात करिअर करण्याचा विचार तुमच्यापैकी काही जण करत असतील. त्यांच्यासाठी कामाच्या संधी, उत्पन्नाचा हिशेब आणि जोडउत्पन्नाचे मार्ग या पाठात पाहू. प्रत्येक मार्ग याच एका कसोटीवर तपासून पाहू : माझे पैसे समोरच्याच्या निर्णयावर अवलंबून आहेत का?

१. समुपदेशक कोण आणि कोण नाही

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो. निदान करणे आणि औषध देणे हे त्याचे काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक आजारांचे मूल्यमापन करतो आणि मानसोपचार देतो. त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. १९९२ च्या कायद्यानुसार ही नोंदणी नसताना ते काम करता येत नाही. समुपदेशक साधारणपणे अभ्यास, नातेसंबंध, करिअर, आजारपण, व्यसन, शोक अशा प्रश्नांवर काम करतो. तो औषध देत नाही. एखाद्याला गंभीर नैराश्य, भास किंवा आत्महत्येचे विचार असल्याचे दिसले, तर त्याला वेळेत योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे हा समुपदेशकाच्या कौशल्याचाच भाग आहे.

आमच्यासारखा शिक्षक यांपैकी कोणीही नसतो. विद्यार्थ्यातला बदल पहिल्यांदा त्याच्या लक्षात येतो आणि तो पुढची वाट दाखवू शकतो, इतकीच त्याची मर्यादा. ती मला पाऊण तासाच्या त्या भाषणानंतर कळली.

२. शिक्षण आणि नोंदणी

सर्वसाधारण वाट अशी : मानसशास्त्र किंवा समाजकार्य विषयात पदवी, मग पदव्युत्तर पदवी, आणि त्यासोबत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांनी आधी विद्यापीठाची प्रवेशपात्रता तपासावी. शिक्षकांसाठी एनसीईआरटी मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम चालवत आली आहे; तिच्या प्रादेशिक संस्थांपैकी भोपाळची संस्था आपल्याला जवळची.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन बदल माहीत असायला हवेत. पहिला बदल २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याचा. त्याने वर्तनआरोग्य क्षेत्रातील व्यवसायांना, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक, वैद्यकीय समाजकार्यकर्ते अशांना, कायदेशीर चौकटीत आणले. या कायद्यात 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवण्यासाठी किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण अपेक्षित आहे. दुसरा बदल विद्यापीठ अनुदान आयोगाचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालील विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश आयोगाने बंद केले. तेव्हा 'घरबसल्या सहा महिन्यांत प्रमाणित समुपदेशक' अशी जाहिरात दिसली, तर त्या प्रमाणपत्रावर पुढे कोणत्या परिषदेत नोंदणी होईल, हा प्रश्न शुल्क भरण्याआधी विचारा. लहान अभ्यासक्रम कौशल्य वाढवायला उपयोगी पडतात, पण पदवीची जागा ते घेत नाहीत.

३. नोकरीच्या जागा

अ) शिक्षणसंस्था. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी केंद्रे असे सगळेच त्यांच्या कक्षेत येतात. नवा रायपुर परिसरातच आयआयएम, ट्रिपल आयटी आणि हिदायतुल्लाह राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. शेजारच्या भिलाईत आयआयटी आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या आहेत. घर सोडून आलेली मुले या पट्ट्यात किती आहेत याचा अंदाज यावरून येईल.

आ) रुग्णालये आणि आरोग्य योजना. कर्करोग, मूत्रपिंडविकार, वंध्यत्व, बालहृदयरोग अशा विभागांत रुग्णापेक्षाही नातेवाइकांना आधाराची गरज भासते. सरकारी योजनांत एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत समुपदेशकाचे पद असते, तसेच राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही.

छत्तीसगड आणि लागून असलेल्या गोंदिया-गडचिरोली भागासाठी एक काम विशेष महत्त्वाचे आहे : सिकलसेलचे समुपदेशन. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि त्यात तपासणीइतकेच समुपदेशनही अपेक्षित आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पुष्कळ जण याचा अर्थ 'चार मुलांत एक आजारी' असा लावतात. पहिले मूल आजारी निघाले की पुढची तीन सुरक्षित, असे ते समजतात. प्रत्यक्षात दर वेळी शक्यता तितकीच राहते. लग्न ठरत आलेल्या दोन घरांना हे त्यांच्या भाषेत, कुणालाही दोषी न धरता समजावणे, आणि लग्न करावे की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोडणे, हे अवघड काम आहे. आपली कसोटी इथेही लागू होते : त्यांनी काहीही ठरवले तरी समुपदेशकाचा पगार तोच राहतो.

इ) न्यायालय आणि पोलीस ठाणे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. छळ सोसणाऱ्या बाईला पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता भेटावा, ही त्यामागची कल्पना. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले.

ई) व्यसनमुक्ती. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसे प्रशिक्षण घेऊन तिथे समुपदेशक झाली. स्वतःचा अनुभव शिस्तीत बसवला तर तोही पात्रतेचा भाग होऊ शकतो, हे तिथे दिसते.

उ) दूरध्वनी सेवा. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करत आली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. रात्री मन फार जड झाले तर जरूर वापरा. अशा सेवांत पाळ्या असतात, पण नवख्याला थोड्या काळात फार विविध प्रश्न ऐकायला मिळतात.

ऊ) कंपन्या. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय बाहेरच्या संस्थांमार्फत करतात. अशा संस्था पूर्णवेळ तसेच तासाच्या हिशेबाने समुपदेशक घेतात.

४. एका महिन्याचा हिशेब

अभियंत्याची सवय म्हणून आकडे मांडतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा.

समजा, एका समुपदेशकाने स्वतःचे केंद्र काढले. दिवसाला ४ सत्रे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे महिन्याला ८० सत्रे. त्यांतील पाचवा हिस्सा ऐनवेळी रद्द होतो असे धरू, उरली ६४. सत्राला ६०० रुपये धरले तर जमा ३८,४०० रुपये. त्यातून खोलीचे भाडे ८,००० रुपये, अनुभवी मार्गदर्शकाकडे महिन्यातून दोनदा स्वतःच्या कामाची तपासणी ३,००० रुपये, आणि फोन, प्रवास, चाचण्यांचे साहित्य ३,४०० रुपये. हातात २४,००० रुपये राहतात. आजारी पडले, लग्नासाठी गावी गेले की तेवढी जमा गेली.

पहिल्यांदा मनात येते ते सत्रे वाढवणे. पण दिवसातल्या सातव्या माणसाचे दुःख पहिल्याइतक्या लक्षपूर्वक ऐकता येत नाही. यंत्राला ठरलेल्या भारापेक्षा जास्त भार दिला तर ते काही काळ चालते, मग झिजते. इथे ती झीज समोरच्या माणसाला भोगावी लागते. दुसरा सोपा उपाय म्हणजे मार्गदर्शकाचे ३,००० रुपये वाचवणे. तेही करू नये, कारण आपल्या चुका दाखवणारे दुसरे कोणी या व्यवसायात नसते. म्हणून समुपदेशकाला जोडउत्पन्नाची गरज खरीच असते. त्यात लोभीपणा मानण्याचे कारण नाही. घरभाड्याची चिंता डोक्यात असलेला समुपदेशक नीट ऐकू शकत नाही.

५. जोडउत्पन्नाचे मार्ग

ठरलेल्या दिवसांचे मानधन. दोन संस्थांत आठवड्यातून एकेक किंवा दोन-दोन दिवस ठरवून जाणे. मानधन ठरलेले असल्यामुळे केंद्रातली अनिश्चितता कमी होते. नवख्यासाठी हा सर्वांत चांगला पहिला आधार.

गटसत्रे. परीक्षेची भीती, मधुमेह झालेले रुग्ण, किशोरवयीन मुलांचे पालक असे समान प्रश्न असलेल्यांचे आठ जणांचे गट घेता येतात. माणशी २५० रुपये धरले तर दीड तासाला २,००० रुपये होतात. प्रत्येकाला खर्च कमी येतो, आणि 'हे फक्त माझ्याच घरात नाही' हे त्याला कळते. मात्र गट चालवण्याचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते.

कार्यशाळा आणि प्रशिक्षण. शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांना ऐकण्याची आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याची कौशल्ये शिकवणे. मानधन सांगताना तयारीचा वेळही मोजा. अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला एक दिवस तयारी लागतेच.

अध्यापन. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र किंवा जीवनकौशल्ये शिकवणे. पैसे माफक मिळतात, पण वाचन चालू राहते.

अभिक्षमता चाचण्या. दहावी-बारावीनंतर त्यांना मोठी मागणी असते. चाचणी देण्याचे आणि अर्थ लावण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असावे. चाचणीतून मुलाच्या कलाचा अंदाज येतो. महाविद्यालयाचे नाव तिच्यातून निघत नाही.

भाषेचे काम. या प्रदेशातल्या मराठी मुलांकडे एक भांडवल आहे, ज्याकडे त्यांचे लक्ष नसते. १८६१ पासून छत्तीसगड मध्य प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. रायपुर, दुर्ग, राजनांदगाव इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, कार्यालयात हिंदी आणि अभ्यासात इंग्रजी, अशा चार भाषा त्या घरातला मुलगा सहज बोलतो. माणूस रडतो आणि चिडतो आपल्या भाषेत. त्यामुळे दूरस्थ समुपदेशन, प्रश्नावल्यांचे आणि माहितीपत्रकांचे भाषांतर, संशोधन प्रकल्पांतील मुलाखती, ध्वनिमुद्रित कार्यक्रम अशी कामे बहुभाषी समुपदेशकाला मिळू शकतात. प्रश्नावलीचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. 'तुम्हाला निराश वाटते का' असे विचारल्यावर नाही म्हणणारी बाई 'जिवाला गोड लागत नाही' हे लगेच कबूल करते.

लेखन आणि चित्रफिती. थेट पैसे थोडे मिळतात, ओळख वाढते. समोर बसलेल्या व्यक्तीची गोष्ट, नाव बदलूनही, तिच्या संमतीशिवाय वापरू नये. लहान शहरात नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो.

पुढच्या पिढीचे मार्गदर्शन. दहा-बारा वर्षांच्या अनुभवानंतर नव्या समुपदेशकांच्या कामाची देखरेख करणे हेही उत्पन्नाचे साधन होते.

हे सारे एकत्र कसे बसते याचे मराठीतले उदाहरण ठाण्याचे आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये तिथे 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. व्यक्तिगत उपचार आणि समुपदेशन यांच्या जोडीला प्रशिक्षण, शाळांमधले उपक्रम, करिअरविषयक 'वेध' परिषदा आणि मराठीतून मनआरोग्याच्या चित्रफिती असे काम तिथे उभे राहिले. खोलीत बसून एकाशी बोलताना जे कळते तेच बाहेर अनेकांना सांगता येते. जोडकामे मूळ कामातून निघाली की एकमेकांना बळ देतात.

६. कोणता पैसा घेऊ नये

आता आपली कसोटी लावा. पुढील प्रकार नाकारायला हवेत, मग रक्कम कितीही असो.

पहिला, महाविद्यालये, शिकवण्या किंवा परदेशी शिक्षणाच्या मध्यस्थांकडून प्रवेशामागे मिळणारी दलाली. ती घेतली की सल्ला विकला गेला. दुसरा, डॉक्टर किंवा रुग्णालयाकडे माणूस पाठवल्याबद्दल मिळणारा हिस्सा. अशा कट प्रॅक्टिसला डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांतही मनाई आहे. तिसरा, ज्या शाळेत मानधन घेता तिथल्याच मुलांना 'सविस्तर बोलायला' आपल्या खासगी केंद्रात बोलावणे. इथे मुलाची गरज आणि तुमची गरज वेगळी काढता येत नाही. चौथा, भेटीला आलेल्यांना पूरक औषधे, विमा, जमीन विकणे. पाचवा, 'दहा सत्रांत हमखास गुण' असे ठेके.

गोपनीयतेचेही असेच. शुल्क पालक भरतात म्हणून मुलाचे सगळे बोलणे त्यांना कळवायचे नसते. काय सांगणार आणि काय नाही हे पहिल्याच भेटीत दोघांसमोर स्पष्ट करावे. जिवाला धोका असेल तेव्हा हा नियम बाजूला ठेवावा लागतो. बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हेही आधीच सांगून ठेवावे.

व्यवहारही स्वच्छ ठेवा. प्रत्येक शुल्काची पावती द्या. नोकरी करत असाल तर बाहेरच्या कामासाठी संस्थेची लेखी परवानगी घ्या. संस्था व्यावसायिक मानधनातून १० टक्के कर कापून घेऊ शकते. त्याची नोंद जपून ठेवली तर विवरणपत्र भरताना हिशेब जुळतो. जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा सेवांसाठी साधारणपणे वर्षाला २० लाख रुपये आहे. सुरुवातीच्या समुपदेशकाला ती लांबची असली तरी माहीत असावी.

७. पदवीच्या वर्षांत काय करावे

आधी स्वतः ऐकायला शिका. मित्र अडचण सांगत असताना पहिली दहा मिनिटे एकही सल्ला न देता बसून पाहा. हे किती अवघड आहे ते कळेल. दुसरे, एखाद्या सेवेत स्वयंसेवक म्हणून जा, पण जिथे प्रशिक्षण आणि देखरेख मिळते तिथेच. तिसरे, आपल्या भागातली एक बोली नीट शिका. चौथे, शिक्षण पूर्ण झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे नोकरीत काढा. स्वतःच्या केंद्राची घाई करू नका. नोकरीत तुमच्या चुका पाहणारे कोणीतरी असते.

सारांश

समुपदेशकाला शिक्षणसंस्था, आरोग्यसेवा, न्यायव्यवस्था, व्यसनमुक्ती, दूरध्वनी सेवा आणि कंपन्या यांत काम मिळते. व्यक्तिगत सत्रांच्या उत्पन्नाला तासांची मर्यादा आहे. ती सत्रे वाढवून ओलांडू नये. गटसत्रे, प्रशिक्षण, अध्यापन, चाचण्या आणि भाषेचे काम हे जोडउत्पन्नाचे मार्ग आहेत. समोरच्या व्यक्तीच्या निर्णयावर अवलंबून असलेला पैसा घेणारा माणूस समुपदेशक राहत नाही, मध्यस्थ होतो.

स्वाध्याय

१. तुमच्या शहरातील सत्राचे शुल्क आणि खोलीचे भाडे विचारून भाग ४ मधील हिशेब पुन्हा मांडा. आठवड्यातून दोन दिवस ठरलेले मानधन मिळाल्यास काय फरक पडेल?

२. सिकलसेलचे वाहक असलेल्या दोघांचे पहिले मूल निरोगी आहे. दुसऱ्या मुलाला आजार होण्याची शक्यता किती? हे उत्तर आकडा न वापरता तुमच्या बोलीत सांगून पाहा.

३. एका शिकवणीने समुपदेशकाला देऊ केले : 'चाचण्या आमच्याकडे घ्या, दर मुलामागे ठरलेले शुल्क देऊ, आणि मुलाने प्रवेश घेतला तर वर बक्षीस.' या देकारातला कोणता भाग स्वीकारता येईल आणि कोणता नाही? कारण लिहा.